बूस्टला घाई चालत नाही: एका फिरत्या मेसेजला उत्तर

गेल्या कार्तिकापासून एक मेसेज आमच्या गोव्यातल्या ग्रुपांवर फिरतोय. आधी डिचोलीच्या साउंडवाल्यांकडून आला, मग पेडण्याहून, आणि मग फोंड्याच्या आम्हा रिपेरवाल्यांना तीन वेगवेगळ्या लोकांनी एकाच दिवशी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: ‘बारा व्होल्टचे चोवीस करणारा बूस्ट लोड पडताच बसतो? आउटपुटला मिळेल तेवढा मोठा कपॅसिटर लावा. फीडबॅकचा गेन वाढवा, लूप जलद होईल. फ्रिक्वेन्सी दुप्पट करा. करंट मोडचा आयसी घ्या, त्यात हा दोषच नसतो. नाहीतर आर्डुइनोवर पीआयडी चालवा. बॅटरी आणि वायरिंगचा याच्याशी काही संबंध नाही.’ खाली हात जोडल्याचं चित्र आणि ‘सगळ्यांना पाठवा’.

एरवी मी वाचून सोडून दिलं असतं. पण एका भजनी मंडळाची दिंडीची गाडी माझ्या टेबलाशी आली, ती हाच मेसेज वाचून ‘दुरुस्त’ होऊन. हातगाडीवर खाली बारा व्होल्टची बॅटरी, मध्ये बूस्टचा बोर्ड, वर चोवीस व्होल्टचा क्लास-डी ॲम्प्लिफायर आणि दोन भोंगे. पेटी आणि गळा चालू असेपर्यंत सगळं व्यवस्थित. पखवाजावर जोरात थाप पडली की आवाज गप्प, आणि क्षणभराने परत. मंडळाचे म्होरके म्हणाले, “मास्तर, गजर रंगात आला की नेमकं हे मशीन समाधी लावतं.” त्यावर कुणीतरी मेसेजबरहुकूम आउटपुटला ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठोकला होता. तेव्हापासून समाधी एकदा लागत नव्हती. टक-टक-टक करत चार-पाचदा लागायची.

मुद्द्यांना हात घालण्याआधी बूस्टचा स्वभाव सांगतो, कारण मेसेज लिहिणाऱ्याचा घोळ तिथेच आहे.

बूस्टमध्ये मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) चालू असतो तेव्हा कॉइल बॅटरीवर भरत असते. त्या वेळात डायोड बंद असतो आणि लोडला कॉइलकडून एक थेंबही मिळत नाही. लोड तेवढा वेळ कपॅसिटरवर जगतो. मॉस्फेट बंद झाला की कॉइल आपला करंट डायोडमधून पुढे ओतते. रायबंदर-चोडणची फेरीबोट डोळ्यांसमोर आणा. बोट रायबंदरच्या धक्क्याला भरत असताना चोडणला कोणी उतरत नाही. आता समजा, चोडणला अचानक जास्त माणसं हवी आहेत. तुम्ही तांडेलाला सांगता, ‘जास्त भरून घे.’ तो रायबंदरला जास्त वेळ थांबतो. परिणाम? पुढच्या काही फेऱ्यांत जास्त माणसं येतील हे खरं, पण आत्ता लगेच चोडणला येणारी माणसं कमी झाली.

बूस्ट हुबेहूब हेच करतो. लोड वाढला, आउटपुट घसरलं, कंट्रोलरने ड्यूटी, म्हणजे प्रत्येक सायकलमध्ये मॉस्फेट चालू राहण्याचा हिस्सा, वाढवली. ड्यूटी वाढली म्हणजे डायोडचा वेळ कमी झाला, म्हणजे आउटपुट पहिल्यांदा आणखी घसरतं आणि मगच वर येतं. जास्त द्यायचं तर आधी कमी द्यावं लागतं. पुस्तकात याला राइट-हाफ-प्लेन झीरो म्हणतात, आमच्या बोलण्यात आरएचपी झीरो. स्विचिंग सर्किटांना सरासरीच्या गणितात बसवून असल्या गोष्टी कागदावर काढायची जी पद्धत आज सगळे वापरतात, ती १९७६ साली कॅलटेकच्या मिडलब्रुक आणि स्लोबोदान चूक यांनी मांडली. आडनावावर जाऊ नका, माणूस बरोबर होता.

या झीरोची जागा, म्हणजे फ्रिक्वेन्सी, काढायला एक सोपं सूत्र आहे: एकातून ड्यूटी वजा करा, त्याचा वर्ग करा, लोडच्या रोधाने गुणा, आणि दोन पाय (२π) गुणिले इंडक्टन्सने भागा. गाडीवरचा बोर्ड घ्या. इनपुट १२, आउटपुट २४, म्हणजे ड्यूटी निम्मी. लोड २ ॲम्पिअर, म्हणजे १२ ओहम. कॉइल १०० मायक्रोहेन्रीची. उत्तर येतं सुमारे ४.८ किलोहर्ट्झ. लूपने, म्हणजे आउटपुट बघून ड्यूटी बदलणाऱ्या फीडबॅकच्या साखळीने, या आकड्याच्या बऱ्याच खाली राहायचं असतं. तिसरा ते पाचवा हिस्सा ही नेहमीची मर्यादा. सूत्रात काय काय आहे ते नीट बघून ठेवा: लोड, ड्यूटी, कॉइल. संपलं. आता मेसेज.

‘आउटपुटला मिळेल तेवढा मोठा कपॅसिटर लावा.’

हा मुद्दा सगळ्यात पटणारा आहे, कारण अर्धा खरा आहे. कपॅसिटर म्हणजे टाकी, टाकी मोठी तर पाणी पुरेल, इथपर्यंत कुणाचं भांडण नाही. जुना, आटलेला कपॅसिटर असेल, ईएसआर (कपॅसिटरचा आतला रोध) वाढलेला असेल, तर बदलल्यावर फरक पडतोच. मीही आधी तेच तपासतो.

पण टाकी मोठी केली की लूपही हळू होतो, हे मेसेजमध्ये नाही. लोडची उडी आली की आउटपुट किती खोल जाईल याचा कच्चा अंदाज असा: करंटची उडी घ्या आणि तिला दोन पाय, लूपचा क्रॉसओव्हर (ज्या फ्रिक्वेन्सीपर्यंत लूप सावरू शकतो ती) आणि कपॅसिटर या तिघांच्या गुणाकाराने भागा. करंट मोडच्या (कॉइलचा करंट बघून मॉस्फेट बंद करणाऱ्या) बोर्डात कम्पेन्सेशनला, म्हणजे लूपचा वेग ठरवणाऱ्या रेझिस्टर-कपॅसिटरना, हात न लावता कपॅसिटर दहापट केला, तर क्रॉसओव्हर जवळजवळ दहापट खाली येतो. गुणाकार तिथल्या तिथे! म्हणजे थाप जरा लांबली की खड्डा जवळपास तेवढाच खोल, फक्त दहापट रुंद. या बोर्डावर मूळचा ४७० मायक्रोफॅरड होता आणि क्रॉसओव्हर साधारण १ किलोहर्ट्झ. अर्ध्या ॲम्पिअरवरून दोनवर उडी घेतली की घसरण अर्ध्या व्होल्टच्या आसपास. ४७०० लावल्यावर क्रॉसओव्हर शंभर हर्ट्झच्या घरात आला, कम्पेन्सेशनच्या झीरोच्याही खाली. तिथे फेज मार्जिन (लूप डोलायला लागण्याआधीची सवड) उरत नाही, म्हणून आउटपुट सरळ वर न येता झोके खात वर येतं. खड्डा कमी करायला निघाले आणि लाटा तयार झाल्या.

दुसरी गोष्ट याहून वाईट. बूस्टमध्ये बॅटरीपासून कॉइल आणि डायोडमधून आउटपुट कपॅसिटरपर्यंत रस्ता कायम उघडा असतो. मॉस्फेट त्या रस्त्यात नाही, बाजूला आहे. बॅटरी जोडली की कपॅसिटर जो करंट ओढेल तो ओढेल, कंट्रोलर नुसता बघत बसतो. १०० मायक्रोहेन्री आणि ४७०० मायक्रोफॅरडचं आदर्श गणित ८० ॲम्पिअरच्या वरचं शिखर दाखवतं. प्रत्यक्षात वायरचा रोध त्याला आवरतो आणि कॉइलचं सॅच्युरेशन (करंट फार झाला की इंडक्टन्स गळणं) उलट चेव देतं, त्यामुळे नेमका आकडा वेगळा पडतो. पण क्लिप लावताना उडणारी ठिणगी मंडळातल्या पोरांनी पाहिली होती. ‘बॅटरी एकदम पॉवरफुल’ असं ते कौतुकाने सांगत होते.

एक सूट देतो. कुणी मुद्दाम हळू लूप आणि मोठी टाकी असं डिझाइन केलं, सुरुवातीचा करंट रोखायची सोय केली, कम्पेन्सेशन त्याप्रमाणे बसवलं, तर तबल्या-पखवाजाच्या लोडला ते शोभतं. बॅटरीवर धक्के जात नाहीत. पण ते डिझाइन झालं. वरून कपॅसिटर ठोकणं वेगळं.

‘फीडबॅकचा गेन वाढवा.’

आधी हे सांगा, कुठे वाढवणार? बाजारात मिळणारे छोटे निळे-हिरवे बोर्ड बहुतेक एक्सएल ६००९ किंवा एमटी ३६०८ वर असतात. दोन्हींचं कम्पेन्सेशन आयसीच्या पोटात आहे, बाहेर पायच काढलेला नाही. फीडबॅकचे दोन रेझिस्टर बदलून गेन वाढवला म्हणणाऱ्याने खरं तर आउटपुट व्होल्टेज बदललेलं असतं. डिचोलीच्या एका मित्राने असंच करून चोवीसचे एकतीस केले आणि ॲम्प्लिफायर गमावला.

बोर्डावर यूसी ३८४३ हा कंट्रोलर आयसी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पहिल्या आणि दुसऱ्या पायामधला रेझिस्टर मोठा केला की गेन खरंच वाढतो. मी वाढवून पाहिला. टेबलावर सोपी मांडणी आहे, कुणालाही करता येईल. आउटपुटला ४८ ओहम कायमचा, आणि त्याच्या जोडीला १६ ओहम एका मॉस्फेटमधून, सेकंदाला वीस वेळा चालू-बंद. दोन्ही मिळून १२ ओहम, म्हणजे अर्ध्या ॲम्पिअरवरून दोनवर उडी. १६ ओहमचा रेझिस्टर ३६ वॅट खातो, त्यामुळे ५० वॅटचा ॲल्युमिनियमच्या घरातला घ्या आणि त्याला हात लावू नका. स्कोपचा (ऑसिलोस्कोपचा) एक प्रोब आउटपुटवर, एसी कपलिंग लावून.

मूळ गेनवर एक खड्डा दिसतो आणि रेषा शांतपणे वर येते. गेन दुप्पट केला की खड्डा उथळ होतो, आणि इथेच माणूस फसतो. वर येताना एक-दोन लाटा दिसतात. चौपट केला की लाटा थांबतच नाहीत, कॉइल किणकिण करायला लागते. साधा डावीकडचा झीरो फेज वाढवतो. हा उजवीकडचा गेन चढवतो आणि फेज खातो. त्याच्या जागेवर पोचलात की गेन ३ डेसिबल जास्त आणि फेज ४५ अंश कमी. एक तृतीयांशावर थांबलात तर १८ अंशांवर भागतं. म्हणजे गेन वाढवून लूप जलद होतो तो त्या कुंपणापर्यंत, आणि पलीकडे दरी आहे.

शिवाय हे कुंपण एका जागी राहत नाही. बॅटरी उतरली की ड्यूटी वाढते आणि झीरो खाली सरकतो. इनपुट १० व्होल्टवर आलं तर तोच ४.८ किलोहर्ट्झचा झीरो ३.३ वर येतो. चार्जरवर लावलेल्या बॅटरीवर जुळवलेला गेन रात्री अकरा वाजता, दिंडीच्या शेवटच्या टप्प्यात, फसतो तो यामुळे. हिशेब नेहमी उतरलेल्या बॅटरीवर आणि पूर्ण लोडवर करायचा.

‘फ्रिक्वेन्सी दुप्पट करा.’

सूत्रात फ्रिक्वेन्सी नाही. चौथ्या पायाचा रेझिस्टर निम्मा केला, कॉइल तीच ठेवली, तर मॉस्फेटमधला स्विचिंगचा तोटा साधारण दुप्पट होतो आणि झीरो जागचा हलत नाही.

पण हाच सल्ला अर्धा पाऊल पुढे नेला तर खरा उपाय आहे, म्हणून मला त्याची हळहळ वाटते. फ्रिक्वेन्सी वाढवली की कॉइल लहान करता येते. १०० किलोहर्ट्झला १०० मायक्रोहेन्रीमध्ये करंटचा रिपल (चढउतार) ०.६ ॲम्पिअर होता. २०० किलोहर्ट्झला ४७ मायक्रोहेन्री बसवली, रिपल जवळपास तेवढाच, आणि झीरो ४.८ वरून १० किलोहर्ट्झच्या वर. आता लूपला निम्म्या वेळात सावरण्याची मुभा मिळाली, कारण बोट लहान झाली आणि लवकर भरते. कॉइल घेताना सॅच्युरेशनचा करंट बघून घ्या. नुसती आकाराने सारखी दिसणारी आणून बसवली तर पहिल्याच थापेला तिचं इंडक्टन्स गळून पडेल.

याच रांगेतला पुढचा उपाय म्हणजे दोन बोटी, एक रायबंदरला असताना दुसरी चोडणला. दोन फेज, म्हणजे कॉइल-मॉस्फेटच्या दोन जोड्या, अर्ध्या पिरियडच्या अंतराने चालवल्या की प्रत्येकीवर निम्मा लोड, झीरो दुप्पट दूर, आणि बारा-चोवीससारख्या निम्म्या ड्यूटीला इनपुटचा रिपल जवळजवळ नाहीसाच होतो. मात्र दोन तयार मॉड्यूल शेजारी जोडणं म्हणजे हे नव्हे. ते आपसात भांडतात.

‘करंट मोडचा आयसी घ्या, त्यात हा दोषच नसतो.’

गाडीवरचा बोर्ड यूसी ३८४३ चाच होता. करंट मोडचाच. तेवढ्यावर हा मुद्दा निकालात निघायला हरकत नव्हती, पण करंट मोड काय देतो तेही सांगायला हवं. कॉइल आणि कपॅसिटरची जोडी जो दुहेरी पोल (लूपची फेज खाणारी जागा) तयार करते, तो करंट मोडमध्ये फुटून दोन वेगळे पोल होतात. कम्पेन्सेशन सोपं होतं, इनपुट बदललं तर प्रतिसाद चांगला मिळतो, प्रत्येक सायकलला करंटवर मर्यादा राहते. आरएचपी झीरो मात्र जिथल्या तिथे. डायोडचा वेळ कमी झाल्याशिवाय कॉइल जास्त भरत नाही, आणि हे कुठल्याही आयसीला चुकत नाही. अगदी हलक्या लोडला, कॉइल प्रत्येक सायकलला पूर्ण रिकामी होत असेल, तर झीरोचा जाच राहत नाही. पण तिथे करंटची शिखरं उंच जातात, आणि ५० वॅटच्या भोंग्यांना ते महाग पडतं.

उलट करंट मोडची स्वतःची एक खोड आहे आणि बारा-चोवीस तिच्या नेमकी उंबरठ्यावर बसते. ड्यूटी ५० टक्क्यांच्या वर गेली की स्लोप कम्पेन्सेशन, म्हणजे करंटच्या सिग्नलमध्ये थोडा चढता रॅम्प मिसळणं, लागतं. ते नसेल तर स्कोपवर एक पल्स जाड, एक बारीक, एक जाड, एक बारीक असं दिसतं. बॅटरी १२.६ वर असताना ड्यूटी ४७ टक्के, सगळं छान. १२ च्या खाली उतरली की जाड-बारीक सुरू. ‘सकाळी चांगलं चालत होतं’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या बोर्डांत मी पहिल्यांदा चौथ्या पायाचा रॅम्प तिसऱ्या पायाला पोचवणारा ट्रान्झिस्टर आहे का ते बघतो. स्वस्त बोर्डांत तो गाळलेला असतो.

‘आर्डुइनोवर पीआयडी.’

आर्डुइनो उनोचं ॲनालॉग वाचन १०० मायक्रोसेकंदांहून जास्त खातं. १ किलोहर्ट्झच्या लूपला एवढ्या उशिराने ३७ अंश फेज जाते. मॉस्फेटला पल्स देणारा त्याचा पीडब्ल्यूएम न बदलता वापरला तर ४९० हर्ट्झ, काही पायांवर ९८०. शिकण्यासाठी ठीक आहे. दिंडीत नको.

‘बॅटरी आणि वायरिंगचा याच्याशी काही संबंध नाही.’

मूळ अर्ध्या व्होल्टच्या घसरणीने ॲम्प्लिफायर गप्प होत नाही. चोवीसातला अर्धा व्होल्ट त्याला कळतही नाही. मग आवाज कशाने जात होता?

४७०० काढून मूळचा ४७० परत बसवला, गाडी जशीच्या तशी तिच्याच वायरींवर ठेवली, आणि स्कोपचा दुसरा प्रोब बोर्डाच्या इनपुटवर लावला. बॅटरीच्या टर्मिनलवर नव्हे, बोर्डावर. लोड पडताच बॅटरी बाराच्या जवळपास आणि बोर्डावर नऊ. तीन व्होल्ट मध्येच कुठेतरी गेले! वायर १ स्क्वेअर एमएमची, जाऊन-येऊन तीन मीटर. तिचा रोध धरून चालू ५४ मिलिओहम. पण हिशेबाने मधला एकूण रोध अर्धा ओहम निघत होता. उरलेला सगळा फ्यूज होल्डरमध्ये आणि क्रोकोडाइल क्लिपमध्ये. आमच्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत तांब्यावर जो हिरवट गंज चढतो, तो क्लिपच्या दातांत भरला होता.

बूस्ट हा लोड म्हणून विचित्र प्राणी आहे. पंखा किंवा बल्ब व्होल्टेज कमी झालं की कमी करंट ओढतो. बूस्टला आउटपुटला ठरावीक पॉवर द्यायची असते, त्यामुळे इनपुट पडलं की तो जास्त करंट ओढतो. त्याने इनपुट आणखी पडतं. अर्ध्या ओहमच्या वायरीतून बारा व्होल्टची बॅटरी जास्तीत जास्त ७२ वॅट पुढे देऊ शकते, मग तुम्ही काहीही करा. बोर्डाला थापेच्या वेळी तोटा धरून ५३ वॅट हवे होते. म्हणजे कड्यापासून दोन पावलांवर. त्यात नऊ व्होल्टवर ड्यूटी ६२ टक्के आणि झीरो २.७ किलोहर्ट्झवर आला, तेव्हा लूपचं मार्जिनही कमी झालं.

आणि यूसी ३८४३ चा पुरवठा थेट बॅटरीच्या रेषेवरून होता. हा आयसी साधारण ८.४ व्होल्टला जागा होतो आणि ७.६ च्या खाली झोपतो. सावरताना कंट्रोलर करंट जरा जास्तच ओढतो. नऊवरून इनपुट क्षणभर साडेसातच्या खाली गेलं की आयसी बंद, आउटपुटला डायोडमधून जेमतेम बॅटरीएवढं व्होल्टेज, ॲम्प्लिफायर गप्प. लोड सुटला की बॅटरी वर, आयसी जागा, आवाज परत. हीच ती समाधी. ४७०० चा कपॅसिटर लावल्यावर काय झालं तेही आता कळेल: प्रत्येक वेळी जागं होताना ती भली मोठी टाकी भरायला इतका करंट लागायचा की इनपुट पुन्हा ७.६ खाली. जागा, झोप, जागा, झोप. टक-टक-टक.

दोन्ही बाजूंना ४ स्क्वेअर एमएमची वायर ओढली, क्रोकोडाइल क्लिपांच्या जागी लग दाबून बोल्टने आवळले, फ्यूज होल्डर नवा घातला आणि बोर्डाच्या इनपुटला कमी ईएसआरचा १००० मायक्रोफॅरड बसवला. पूर्ण लोडला बोर्डावर पाव व्होल्टच्या आत घट. गाडी गप्प व्हायची थांबली, तेव्हा कॉइल अजून जुनीच होती आणि गेनला हात लावला नव्हता. ४७ मायक्रोहेन्री, २०० किलोहर्ट्झ आणि २ किलोहर्ट्झचा क्रॉसओव्हर हे सगळं मी नंतर, बोर्ड टेबलावर आहेच म्हणून, हौसेने केलं. घसरण अर्ध्या व्होल्टची पाव झाली. ऐकणाऱ्याला काही फरक कळला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

मंडळाने बिल बघून विचारलं, “मास्तर, एवढ्या भानगडीत वायरच बदललीत होय?” काढलेला ४७०० चा कपॅसिटर त्यांनी परत मागून घेतला. दुसऱ्या कुठल्या तरी गाडीला लावणार आहेत म्हणे.